कमी पैशांत लांबचा पल्ला

सुट्ट्या जवळ आल्या की अमरावती-अकोल्याच्या घराघरांत प्रवासखर्चाचा हिशेब सुरू होतो. एवढ्या माणसांना घेऊन चार-पाच शहरं बघणं परवडेल का?

परवडतं. एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ योजना 1988पासून चालू आहे. चार किंवा सात दिवसांचा पास काढला की अकोल्याहून शेगाव, संभाजीनगर, नाशिक, पुणे अशी शहरं जोडत जाता येतं; टप्प्याटप्प्याला तिकीट लागत नाही. मात्र महिलांना मार्च 2023पासून एसटीत अर्धंच तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. त्यामुळे पास कुणाकुणाचा काढायचा, हे घरीच ठरवावं.

राज्याबाहेर जायचं, तर रेल्वेचं वर्तुळाकार तिकीट उत्तम: बडनेऱ्याहून निघून बडनेऱ्यालाच परत, वाटेत जास्तीत जास्त आठ मुक्काम. सुटी तिकिटं काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

राहण्याची चिंता तर वऱ्हाडच्याच माणसानं वाहिली. 1876मध्ये शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीत गरीब प्रवाशांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. शेगावच्या भक्तनिवासातही अल्प दरात खोली मिळते.

बेत आखण्याआधी जवळच्या आगारात पासचे ताजे दर जरूर विचारा.