राधा सिस्टरची ड्यूटी कुणी लावली?

असित सेन यांचा ‘खामोशी’ (१९६९) आम्ही गेली कित्येक वर्षे वर्गात ‘त्यागमय प्रेमाची तरल कथा’ म्हणून सांगत आलो. गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या रसास्वाद मंडळात तो दाखवला. नंतरच्या चर्चेत तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी उठली आणि तिने विचारले, “पण तिची ड्यूटी बदलून का नाही दिली?” सभागृह हसले. अध्यक्षस्थानी असलेल्या ज्येष्ठ समीक्षकांनी कलाकृतीकडे असे पाहायचे नसते, असे तिला प्रेमाने समजावले आणि स्त्रीच्या समर्पणावर पंधरा मिनिटे भाषण केले. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या मुलीची आई परिचारिका आहे, हे आम्हांस नंतर कळले. त्या टाळ्या परत घेण्यासाठी हा लेख.

कथानक बहुतेकांस ठाऊक असेल. आशुतोष मुखोपाध्याय यांची ‘नर्स मित्र’ ही बंगाली कथा. तिच्यावर असित सेन यांनीच १९५९ साली सुचित्रा सेन यांना घेऊन ‘दीप ज्वेले जाय’ केला, आणि दहा वर्षांनी वहिदा रेहमान यांना घेऊन हिंदी ‘खामोशी’. मनोरुग्णालयाच्या प्रमुखांची, म्हणजे कर्नलसाहेबांची, एक उपपत्ती आहे. प्रेमभंगाने भ्रमिष्ट झालेल्या पुरुषास परिचारिकेने आई आणि प्रेयसी यांच्या रूपात माया दिली, तर तो औषधांच्या तीव्र माऱ्याविना बरा होईल. राधा हे काम करते. देव (धर्मेंद्र) बरा होतो आणि निघून जातो. मग अरुण (राजेश खन्ना) येतो. राधा आधी नकार देते, मग हो म्हणते. तोही बरा होतो. राधा मात्र त्याच रुग्णालयात रुग्ण म्हणून दाखल होते. आपण अभिनय केलाच नव्हता, हे तिचे सांगणे ऐकून प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो.

डोळे पुसावेत, आमची हरकत नाही. वहिदाजींचा चेहरा, कमल बोस यांचे कृष्णधवल छायाचित्रण आणि हेमंतकुमारांचा आवाज एकत्र आल्यावर कोरडे राहणे अवघडच आहे. आमची हरकत आहे ती ‘राधा रुग्णाच्या प्रेमात पडली’ या वाक्यास. पडली म्हणजे काय? तिला त्या प्रेमावर नेमले होते. प्रेम हे तिच्या कामाच्या यादीत होते. जसे ताप पाहणे, गोळ्या देणे, चादर बदलणे. फरक इतकाच, की चादरीसाठी भांडारात मागणी नोंदवता येते आणि प्रेमाचा पुरवठा तिने स्वतःच्या खात्यातून करायचा होता. तो संपल्यावर भरून कोण देणार, याचा विचार कर्नलसाहेबांच्या उपपत्तीत कोठेही नाही. शेवटी त्यांना पश्चात्ताप होतो खरा. पण तोवर प्रयोग दोनदा ‘यशस्वी’ झालेला असतो.

कर्नलसाहेबांच्या बाजूने नेहमी असे म्हटले जाते, की त्या काळी मनोविकारशास्त्र बाल्यावस्थेत होते. हे खरे नव्हे. फ्रॉइडने १९१५ मध्येच या प्रश्नावर स्वतंत्र निबंध लिहिला होता. उपचार घेणाऱ्याच्या मनात उपचार करणाऱ्याविषयी प्रेम उत्पन्न होते, ते दडपूही नये आणि त्याची परतफेडही करू नये, असे त्याचे सांगणे होते. उपचारकाच्या मनातही असे काही जागे होते, याचा इशारा त्याने त्याच्याही आधी, १९१० साली दिला होता. म्हणजे जी गोष्ट करू नये म्हणून शास्त्र सांगत होते, तीच येथे उपचार म्हणून राबवली जाते. आणि तीही डॉक्टर स्वतः राबवत नाहीत, हाताखालच्या परिचारिकेकडून राबवून घेतात. आम्ही साहित्याचे लोक या उतरंडीकडे ‘नियती’ म्हणून पाहतो. तिचे साधे नाव ‘वरिष्ठांचा आदेश’ आहे.

भाषाही आम्हांस आडवी येते. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सेवेचा अर्थ त्यास नंतर चिकटला, आणि पुढे तर ऐकून घेणे हेच परिचारिकेचे लक्षण ठरले. वॉर्डात आपण तिला ‘सिस्टर’ म्हणतो. हे नाव जोगिणींच्या मठांतून आले. त्यात ब्रह्मचर्य गृहीत आहे. रुग्ण, नातेवाईक, वॉर्डबॉय सगळ्यांनी ताई म्हणायचे, आणि कथाकारांनी मात्र तिच्यातली प्रेयसी शोधायची! दोन्हींमध्ये तिच्या नोकरीचा पत्ता नाही.

हेमिंग्वेचे उदाहरण पाहा. १९१८ मध्ये जखमी होऊन तो मिलानच्या रेड क्रॉस रुग्णालयात होता. तेथील आग्नेस फॉन कुरोव्स्की या परिचारिकेवर त्याचे प्रेम बसले. ती त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. १९१९ साली तिने पत्र पाठवून संबंध संपवले आणि पुढे १९८४ पर्यंत आपले आयुष्य जगली. ‘ए फेअरवेल टु आर्म्स’ (१९२९) मधली परिचारिका मात्र बाळंतपणात मरते. खरी बाई नाही म्हणू शकली. कादंबरीतल्या बाईस ती मुभा नाही. तिने प्रेम करावे आणि मरावे. राधा वेडी होते. निवृत्तिवेतन घेऊन घरी जाणारी परिचारिका आमच्या वाङ्मयास का चालत नाही, हे आम्हांस खरोखर विचारावेसे वाटते.

याचा अर्थ परिचारिकेने रुग्णाशी खुशाल प्रेम करावे, असे आम्ही म्हणत नाही. रुग्ण दुबळा असतो. त्याचे शरीर, औषध, झोप तिच्या हाती असते. ब्रिटनमधील परिचारिकांच्या नियामक परिषदेची २०१५ ची आचारसंहिता तर पूर्वी देखभालीखाली असलेल्या व्यक्तींबाबतही मर्यादा पाळण्यास सांगते, आणि ते योग्यच आहे. पण नियम हा आधारही असावा लागतो. मन गुंतते आहे असे जिला वाटेल, तिला ते इन्चार्ज सिस्टरला न लाजता सांगता आले पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी दुसरा वॉर्ड मिळाला पाहिजे. हे होत नाही, कारण बोलणाऱ्या बाईचे चारित्र्य आधी तपासले जाते. त्यागाचे गोडवे गाणारे आणि शिस्तीचा बडगा उगारणारे येथे एकाच बाकावर बसतात. दोघांनाही तिची मूक संमती हवी असते. चित्रपटाचे नावच पाहा ना.

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न म्हणूनच रसभंग करणारा नव्हता. त्या दिवशी सभागृहात चित्रपट नीट पाहिलेली ती एकटीच होती. राधा आधी नकार देते, ते दृश्य आम्ही आजवर ‘मनाची घालमेल’ म्हणून शिकवले. ती तिची लेखी नसलेली रजेची अर्जी होती.

आता मंडळात ‘दीप ज्वेले जाय’ दाखवावयाचे ठरले आहे. अध्यक्ष कुणी नसेल. त्या मुलीस आम्ही आईला घेऊन येण्यास सांगितले. नाइट ड्यूटी नसली तर येईल, म्हणाली.