बर्टीचा गौरव पुरे, भाव बोला!



विसरवाडीच्या नाल्याकाठी, पाणथळ बांधावर पावसाळ्यात आपोआप उगवणारे पाखड आपण तण म्हणून उपटतो. याच गवतातून दाणा निवडत आपल्या पूर्वजांनी बर्टी घडवली. 2018 साली केंद्र सरकारने तिला पौष्टिक धान्य ठरवले. 2023 मध्ये जगभर भरडधान्य वर्षाचे ढोल वाजले. पण हमीभाव? ज्वारी, बाजरी, नाचणीला निदान जाहीर तरी होतो. बर्टीला तोही नाही! बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी.

वर सल्ला काय, तर तणनाशक मारा! ऑस्ट्रेलियात ग्लायफोसेटला दाद न देणारे पाखड 2007 मध्येच सापडले. औषधाचा खर्च मात्र आपल्याच डोक्यावर.

आमचे म्हणणे सरळ आहे: पाखड कोवळे कापून गुरांना घाला, आणि बर्टीला हमीभावाने खरेदी मिळेपर्यंत गप्प बसू नका.