चष्म्याच्या शिबिरात पडदा कोण पाहणार?

वस्तीत डोळ्यांचे शिबिर लागले की सकाळपासून रांग लागते. नंबर काढतात, मोतीबिंदू आहे का पाहतात, चष्मा देतात. हे काम चांगलेच आहे. पण शुगर असलेल्या माणसाच्या डोळ्याचे खरे नुकसान आतल्या पडद्यावर होते आणि तो पडदा या रांगेत बहुधा पाहिलाच जात नाही. आमच्या मते पडदा न तपासणारे शिबिर मधुमेह्यासाठी अर्धेच शिबिर आहे.

शरीर न कापता जिवंत रक्तवाहिन्या थेट दिसाव्यात, अशी जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. १८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन जगापुढे आणले, तेव्हापासून डॉक्टर तिथे मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या खुणा वाचत आले आहेत. वाहिन्यांना आलेले बारीक फुगे, रक्ताचे ठिपके, मूत्रपिंडाच्या त्रासाचा इशारासुद्धा! कारण ज्या शुगरने पडद्यातल्या बारीक वाहिन्या खराब होतात, तीच मूत्रपिंडातल्याही खराब करते.

आता त्याच्याही पुढचे यंत्र आले आहे. त्याला ओसीटी अँजिओग्राफी म्हणतात. हातात सुई टोचून रंग सोडावा लागत नाही. यंत्र एकाच जागेची झटपट अनेक चित्रे घेते. स्थिर भाग सगळ्या चित्रांत सारखा दिसतो, वाहणारे रक्त मात्र बदलते, आणि त्या फरकावरून केसाहून कितीतरी बारीक वाहिन्यांचा नकाशा तयार होतो. पडद्याचा किती भाग अशा वाहत्या वाहिन्यांनी व्यापला आहे, ते प्रमाण म्हणजे वाहिन्यांची घनता. साध्या तपासणीत पडदा ठीक दिसत असलेल्या मधुमेह्यांमध्येही ही घनता घटलेली अनेक अभ्यासांत आढळली आहे. म्हणजे ठिपके दिसायच्या आधीच बारीक वाहिन्या बंद पडू लागलेल्या असतात.

म्हणून उद्या कोणी "एका फोटोत सगळे आजार" अशी जाहिरात घेऊन आला तर पैसे काढू नका. घनतेचा आकडा यंत्रागणिक बदलतो, वयाने कमी होतो, रुग्णाची नजर हलली तरी चुकतो. काचबिंदूतही तो घटतो. आजाराचे नाव तो एकटा सांगू शकत नाही. आपल्याला आज हवा आहे तो पडद्याचा साधा फोटो, फंडस कॅमेऱ्याचा. तोही पुष्कळ सांगतो.

"मला तर सुईत दोरा ओवता येतो, मग तपासू कशाला?" हे आम्ही फार ऐकतो. पण सुरुवातीला नजर जातच नाही. धूसर दिसू लागते तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. लेसरने, इंजेक्शनने उरलेली नजर पुष्कळदा वाचवता येते, गेलेली सगळी परत मिळेलच असे नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची नजर अधू झाली होती, हे आपल्या घरात कोणाला सांगायला नको.

वयात आल्यावर होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात निदान झाले त्याच वेळी, आणि पुढे वर्षातून एकदा पडदा तपासावा, हा नियम आहे. तो मोडतो, कारण डोळ्यात थेंब टाकले की काही तास अंधुक दिसते आणि दिवसाची मजुरी बुडते. दोष आम्ही रुग्णाला देणार नाही. थेंबांशिवायही पुष्कळांचा फोटो निघेल असे कॅमेरे आहेत. जिथे शुगरची गोळी मिळते त्याच दवाखान्यात ते असावेत, ही मागणी नगरसेवकाकडे लेखी द्यायला हवी.

तोवर शिबिर ठरवणाऱ्या मंडळांनी रुग्णालयाशी बोलताना फंडस कॅमेरा आणि फोटो वाचणारा डॉक्टर, दोन्ही आधीच मागून घ्यावेत. आयत्या वेळी फक्त चष्म्यांची पेटी येते.