दिवाणखान्यातल्या यंत्राची मालकी

या अंकात प्रीॲम्प्लिफायरवरचा लेख पाहून काही मैत्रिणींच्या भुवया उंचावतील. पाणी, रेशन, पोटगी, मारहाण हे प्रश्न समोर असताना हा लाख-दोन लाखांचा शौक कशाला? शंका रास्त आहे. पण महागडी वस्तू कुणाच्या मालकीची, तिची किंमत कुणाला ठाऊक आणि तिचा उपभोग कोण घेतं, हे प्रश्न आपण शेतजमिनीबद्दल विचारले, राहत्या घराबद्दल विचारले. दिवाणखान्यातल्या कपाटापाशी येऊन ते थांबावेत याला काही कारण नाही.

या छंदाच्या जगात 'वाइफ ॲक्सेप्टन्स फॅक्टर' असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. १९८३ साली 'स्टिरिओफाइल' या अमेरिकन मासिकात तो छापून आला आणि पुढे सर्वतोमुखी झाला. अर्थ असा की, यंत्र निवडायचं नवऱ्याने. फक्त ते बायकोच्या डोळ्यांना खुपणार नाही इतपत लहान आणि देखणं असावं. म्हणजे बाईला डोळे आहेत, पडद्यांच्या रंगाची जाण आहे, कान मात्र नाहीत! थट्टा म्हणून हे सोडून दिलं असतं. पण बाई एकटीच दुकानात गेली की 'साहेबांना घेऊन या' हे जे ऐकावं लागतं, ते याच थट्टेचं व्यवहारातलं रूप आहे.

गंमत अशी की या यंत्रावर वाजतं काय? १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली ती गौहर जानसारख्या गायिकांच्या आवाजाने. १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलेल्या तबकडीवर भारताचा आवाज आहे तो केसरबाई केरकरांचा. आणि यंत्राच्या पोटात काय असतं? १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या 'मरांट्झ सेव्हन' या नावाजलेल्या अमेरिकन प्रीॲम्पमध्ये सहा छोट्या व्हॉल्व्ह आहेत. अशा व्हॉल्व्हच्या आतली केसासारखी बारीक जोडणी त्या काळातल्या कारखान्यांत प्रामुख्याने बायकाच करत. गाणारी बाई, जोडणारी बाई. निवडणारा तेवढा पुरुष.

याची झळ कुठे बसते ते पाहा. वापरलेली उंची यंत्रं बाजारात येतात, त्यांतली बरीचशी मालकाच्या मृत्यूनंतर. चांगल्या स्थितीतल्या मूळ 'मरांट्झ सेव्हन'ला आज लाखांत किंमत येते. पण त्या कपाटात काय आहे हे जिला कधी कुणी सांगितलंच नाही, ती 'जुनं झालंय, काढून टाका' या सल्ल्यावर चार हजारांत ते देऊन बसते. दागिन्याचं वजन आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. मग ही मालमत्ता नव्हे काय?

म्हणून निदान एवढं प्रत्येकीला ठाऊक असावं. प्रीॲम्पचं काम साधं आहे. रेकॉर्ड प्लेअर, सीडी प्लेअर यांतला कोणता वाजवायचा ते निवडायचं, आवाज कमी-जास्त करायचा आणि तो पॉवर ॲम्प्लिफायरकडे पाठवायचा. रेकॉर्ड ऐकायच्या असतील तर त्यात फोनो विभाग आहे ना, हे आधी विचारा. पुष्कळ नव्या यंत्रांत तो नसतो. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज काही मिलिव्होल्ट देते, मूव्हिंग कॉइल बहुधा त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंच. आपली कोणती, ते आधी पाहून ठेवा.

यंत्र पाहायला गेलात की प्रथम ते उलटं करून मागची पट्टी वाचा. अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टवर चालतं, जपानमधलं १०० वर. आपल्या २३० व्होल्टवर ते थेट लावलं तर जळेल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल आणि त्याचाही खर्च धरावा लागेल. मग सगळं जोडून चालू करायला लावा. काहीही न वाजवता आवाज थोडा वाढवा. घूं घूं ऐकू येते का? आवाजाचं बटण सावकाश फिरवा. नुसती खरखर असेल तर ती साफसफाईने जाऊ शकते. पण अगदी हळू आवाजात एक बाजू गप्प होत असेल तर ते बटण झिजलेलं आहे, आणि त्याच मापाचं दुसरं मिळवणं अवघड. कपॅसिटर तीस-चाळीस वर्षांत निकामी होऊ लागतात. ते बदललेत का, कुणी बदलले, बिल आहे का, हे विचारायला संकोच करू नका. झाकण मात्र स्वतः उघडू नका. व्हॉल्व्हच्या यंत्रात शेकडो व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही काही काळ विद्युतभार टिकून राहतो. हे काम माहितगार मेकॅनिकचं.

यात बाईला न कळण्यासारखं काय आहे? कॅलिफोर्नियातली मॅन्ली लॅबोरेटरीज ही व्हॉल्व्हची यंत्रं बनवणारी कंपनी इव्हॲना मॅन्ली या बाईंनी वर्षानुवर्षं चालवली. आपल्याला तर फक्त ऐकून, चार प्रश्न विचारून निवड करायची आहे.

खरा अडसर पैशाइतकाच वेळेचा आहे. स्वयंपाक करताना कानावर पडलेलं गाणं वेगळं आणि दार लावून, पाय पसरून, तासभर फक्त ऐकलेलं गाणं वेगळं. तो तास मागायचा हक्क आपण अजून पुरता बजावलेला नाही. त्यासाठी लाखाचं यंत्र लागतं असं मुळीच नाही, साधं चालेल. पण ज्या घरात महागडं यंत्र आहे, तिथे ते कसं चालू करायचं, त्याची बाजारात किंमत काय आणि बिल कुठे ठेवलं आहे, हे घरातल्या बाईला माहीत हवं. आणि आपल्या कमाईतून घेत असाल, तर पावती स्वतःच्या नावावर करून घ्या.