जुना पार्ट परत मागा
गिअरची सायकल दिसली की काही दुकानदार अव्वाच्या सव्वा दर सांगतात आणि काम मात्र वरवरचं करतात. एके काळी सायकलींचं शहर म्हणून नावाजलेल्या पुण्यातही हे चालतं, याची चीड येते. ‘फुल सर्व्हिसिंग’चे पैसे मोजून आणलेली माझी सायकल बाहेरून चकचकीत होती, हब उघडलं, तर आत जुनंच काळं ग्रीस आणि गंजलेले छर्रे. कामावर जायला ज्यांच्याकडे सायकलच आहे, त्यांच्या तर अशी हयगय जिवावर बेतू शकते. म्हणून दर आधीच लिहून घ्या. ‘चेन गेली’ म्हणाले, तर पट्टी लावा: नव्या चेनच्या २४ कड्या पिनेपासून पिनेपर्यंत १२ इंच भरतात, एक सोळांश इंच वाढ दिसली, तरच ती बदला. चाक उचलून फिरवा. रिम मध्येच ब्रेकच्या रबराला घासत असेल, तर चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, निघालेला नाही. बदललेला पार्ट हातात मागा, पक्कं बिल घ्या. दाद मिळाली नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि चोख काम करणारा कारागीर भेटला, तर त्याच्याशी घासाघीस करू नका. त्याचं दुकान टिकलं, तरच आपल्या सायकली धड चालतील.