अवघड जागेचे दुखणे

'अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य' ही म्हण आपण सगळेच हसत हसत वापरतो. मीही वापरत होतो. पण गेल्या वर्षापासून मला त्या म्हणीचे हसू येत नाही. कारण ते दुखणे माझ्या सख्ख्या भाच्याला झाले आणि पहिली चूक दुसऱ्या कोणाच्या नव्हे, माझ्याच हातून झाली.

भाचा चोवीस वर्षांचा. भाऊजी बाजार समितीत हमाली करतात, ताई मजुरीला जाते, पोरगा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. सोयरीक ठरत आली होती. एका संध्याकाळी त्याने मला घराबाहेर बोलावले आणि खाली मान घालून सांगितले, "मामा, एका बाजूची गोळी जड झाली. दुखत नाही, पन हाताले गोटीवानी लागते. आईले सांगजा नोको."

मी काय म्हणालो? "अबे, हायड्रोसील असन. सोयाबीन निघू दे, दिवाळीनंतर ऑपरेशन करून टाकू." मी बी.कॉम. झालेला, कचेरीत कारकुनी करणारा, रक्तदान शिबिरे घेणारा माणूस. तरी मला दुसरे काही सुचले नाही. विदर्भातल्या बऱ्याच जिल्ह्यांत हत्तीरोग जुना आहे, त्यामुळे तिथे सूज दिसली की हायड्रोसील म्हणजे अंडवृद्धी, हा आपला ठरलेला हिशेब. त्या हिशेबात आमचे जवळजवळ तीन महिने गेले. मग त्याची कंबर दुखू लागली. पोत्यांचे ओझे उचलल्याने दुखत असेल म्हणून आणखी पंधरा दिवस गेले.

शेवटी सोनोग्राफी केली आणि डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वृषणाचा कॅन्सर.

वाचक बंधू-भगिनींनो, हा मजकूर लिहायला भाच्याने परवानगी दिली आहे. "माझं नाव नोको लिहू मामा, बाकी सारं लिही," असे तो म्हणाला. म्हणून सारे लिहितो.

लाज आणि गाठ

हा कॅन्सर आपल्याकडे कमी आढळतो. पण ज्यांना होतो ते बहुतेक ऐन उमेदीतले असतात, साधारण पंधरा ते चाळीस वर्षांचे. म्हणजे घरातला कमावता किंवा कमावू लागलेला पोरगा. लहानपणी ज्यांची गोळी पोटातून खाली उतरली नव्हती, त्यांना धोका जास्त असतो. तान्ह्या मुलाची एखादी गोळी सहा महिन्यांनंतरही खाली आली नसेल तर त्याला डॉक्टरांना दाखवावे. 'मोठा झाला की उतरेल' म्हणत बसू नये.

अंडवृद्धीत पाणी साचते, कॅन्सरची गाठ बहुधा टणक असते आणि पुष्कळदा दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच माणूस थांबतो. पण कधी कधी गाठीच्या भोवती पाणीही साचते. तेव्हा कोणते काय, हे घरी बसून ठरवायचे काम नाही. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या करून घ्याव्यात. 'सुई घालून पाणी काढून टाकू' असे कोणी म्हणाले तर आधी सोनोग्राफीचा आग्रह धरा. ऑपरेशनही जांघेत चीर देऊन करतात आणि रोगट वृषण काढतात. दुसरे वृषण चांगले असेल तर पुरुषपण जात नाही, दाढी-मिशी जात नाही, संसारात अडचण येत नाही. हे डॉक्टरांनी भाच्याला समोर बसवून सांगितले, तेव्हा कितीतरी दिवसांनी त्याने मान वर केली.

लवकर कळले असते तर कदाचित ऑपरेशन आणि नियमित तपासणी एवढ्यावर भागले असते. पण सीटी स्कॅनमध्ये पोटाच्या मागच्या बाजूला, कण्याजवळ गाठी दिसल्या. कंबरदुखीचे कारण ते होते. म्हणून केमोथेरपी. ही माझ्या 'दिवाळीनंतर'ची किंमत.

औषध कोठून आले

केमो म्हटले की आपल्या वस्तीत मयतीची कुजबुज सुरू होते. म्हणून या औषधाची गोष्ट मी भाच्याला सांगितली, ती तुम्हालाही सांगतो.

१९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ विजेचा जंतूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. वीज सोडण्यासाठी त्यांनी प्लॅटिनमच्या पट्ट्या वापरल्या होत्या. जंतूंची वाढ विचित्र झाली. ते लांबच लांब झाले, पण एकाचे दोन होईनात. शोध घेता कळले की हा प्रताप विजेचा नसून पट्ट्यांतून उतरलेल्या प्लॅटिनमच्या संयुगाचा आहे. पेशींना एकाचे दोन होऊ न देणारे औषध कॅन्सरवर चालेल, या विचारातून सिस्प्लॅटिन आले. १९७४ साली इंडियानापोलिस येथे डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर औषधांबरोबर जॉन क्लीलँड या तरुणाला दिले. त्याचा वृषणाचा कॅन्सर फुप्फुसांपर्यंत गेला होता, इतर औषधे थकली होती. तो बरा झाला आणि पुढे शाळेत शिक्षक झाला. १९७८ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. त्याआधी पसरलेल्या वृषणाच्या कॅन्सरमधून क्वचितच कोणी वाचत असे. आज रोग पसरण्याआधी सापडला तर शंभरातले पंचाण्णवहून अधिक बरे होतात. पोटातल्या गाठींपर्यंत गेला असला तरी उपचार पुरे करणारे बहुतेक बरे होतात.

आपल्या पोरांना युवराज सिंग माहीत आहे. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हाचा मालिकावीर. त्याची गाठ छातीत, दोन फुप्फुसांच्या मध्ये होती, वृषणात नव्हती. पण पेशींची जात तीच. २०१२ साली त्याने इंडियानापोलिसला त्याच आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली केमो घेतली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो भारताकडून पुन्हा खेळला.

तो अमेरिकेला गेला, आपण कोठून जाणार? जायची गरज नाही. सिस्प्लॅटिन आज भारतात तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. हमालाच्या पोराच्या शिरेत जाणारे औषध तेच असते.

एकवीस दिवसांची वही

भाच्याला तीन औषधे द्यायची ठरली: ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन. एक फेरी एकवीस दिवसांची. पहिले पाच दिवस दवाखान्यात सलाईनवर, मग आठव्या आणि पंधराव्या दिवसाच्या सुमारास एकेक इंजेक्शन. अशा तीन फेऱ्या. काहींना चार लागतात.

मी कारकून माणूस, मला वहीशिवाय काही समजत नाही. दोनशे पानी वही घेतली, रकाने पाडले: तारीख, ताप, वजन, पाणी किती प्याला, ओकारी किती वेळा, पुढची तारीख. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते की या आजारात तारीख चुकवायची नाही. अंग जरा बरे वाटले म्हणून, घरी लग्न आहे म्हणून, पैसे नाहीत म्हणून फेरी पुढे ढकलली की रोगाला सवड मिळते. वहीतला तो रकाना मी लाल शाईने लिहीत असे.

वहीतून जे शिकलो ते असे.

ओकारी सुरू झाल्यावर गोळी शोधायची नाही. ओकारीची औषधे आधीच आणि सांगितलेल्या वेळी घ्यायची. ताईचे घर दोन खोल्यांचे, फोडणीचा वास लागला की पोराला उमळून येई. मग ताई पहाटेच स्वयंपाक उरकू लागली. मुगाची खिचडी, ज्वारीच्या कण्या, पातळ वरण-भात, थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा. पाणी उकळून. बाहेरचा रस, कापून ठेवलेली फळे बंद. तोंड आले की कोमट पाण्यात मीठ-सोडा घालून गुळण्या.

सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला त्रास देते, म्हणून भरपूर पाणी. लघवी कमी झाली तर लगेच दवाखाना. अंगदुखीची गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही. गावातून कोणी काढा, कोणी भस्म आणून देतो. प्रेमाने देतात, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण मूत्रपिंड आधीच ओझ्याखाली असते. कानात आवाज येणे, बोटांना मुंग्या येणे हेही लपवू नये. ब्लिओमायसिनचा धोका फुप्फुसांना. कोरडा खोकला, धाप लागणे दिसताच सांगावे. बिडी, सिगारेट बंद म्हणजे बंद. पुढे कधीही ऑपरेशनसाठी भूल घ्यायची वेळ आली तर 'मला ब्लिओमायसिन दिले होते' हे सांगावे.

सर्वांत मोठी गोष्ट तापाची. फेरी सुरू झाल्यावर साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. तेव्हा ताप १००.४ अंशांवर गेला की सकाळची वाट पाहायची नाही. आमच्याकडे रात्री साडेअकराला ताप चढला. ताई म्हणाली, "क्रोसिन देते, सकाळी पाहू." मी वही उघडून दाखवली आणि शेजाऱ्याची गाडी काढली. जवळच्या मोठ्या दवाखान्यात फाइल दाखवून 'केमो चालू आहे' हे पहिले वाक्य बोललो. रात्रीच अँटिबायोटिक सुरू झाले. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झाले असते, याचा विचार मी करत नाही.

केस गेले. आपल्या वस्तीत डोके तासलेले पोर पाहून एका आजीने विचारले, "श्रामणेर शिबिराले गेलता काय रे?" तो कितीतरी दिवसांनी हसला. पण त्याच वस्तीत एका घरी त्याचा ग्लास वेगळा ठेवला गेला. वेगळा ग्लास म्हणजे काय, हे आपल्या लोकांना कोणी समजावून सांगायला नको. कॅन्सर शिवल्याने, एकत्र जेवल्याने होत नाही. औषध दिल्यानंतरचे दोन-तीन दिवस ओकारी किंवा लघवी साफ करताना हातमोजे घालावेत आणि हात धुवावेत, एवढीच खबरदारी. ती औषधापासून घ्यायची, माणसापासून नाही.

दुसऱ्या फेरीनंतर त्याने भिंतीकडे तोंड केले. "मामा, आता मी जात नाही. मेलो त मेलो." मी उपदेश करून पाहिला, उपयोग झाला नाही. मग वही उघडली. या आजारात रक्तातल्या काही खुणा मोजतात. त्यांचे आकडे मी प्रत्येक वेळी लिहून ठेवले होते. पहिला आकडा चार अंकी होता, ताजा दोन अंकी. त्याने ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचले. ताईला विचारले, "गाडी किती वाजता हाय?" तिसरी फेरी ठरल्या तारखेला सुरू झाली.

पैसा आणि प्रवास

खर्चाच्या भीतीने अनेक जण मधेच सोडतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली होती. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. दाखल होण्याआधी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन तेथे जावे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, मुंबईला परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. टाटाला जाणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा मिळू शकतो. उपचाराच्या प्रवासासाठी रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपरचे तिकीट माफ असते आणि सोबत्याला पाऊण सवलत. रुग्णालयाचा दाखला घेऊन तिकीट खिडकीवर जावे.

आणखी एक अवघड गोष्ट

केमोने मूल होण्याची ताकद काही काळ, कधी कायमची कमी होऊ शकते. म्हणून केमो सुरू होण्याआधी वीर्य गोठवून ठेवता येते. ताईसमोर हे बोलायचे कसे? मी भाच्याला जिन्यात नेले आणि सरळ विचारले. तो लाजला, पण हो म्हणाला. नंतर सुचून उपयोग नसतो, म्हणून प्रत्येक मामाने, काकाने, मोठ्या भावाने ही गोष्ट आधी विचारावी.

सोयरीक मोडली. आम्ही मुलीच्या वडिलांना खरे ते सांगितले. त्यांनी दोन दिवस मागितले, तिसऱ्या दिवशी नकार आला. भाच्याला लागले, मलाही लागले. पण लपवले असते तर एका मुलीची फसवणूक झाली असती. दुसरे स्थळ येईल, तेव्हाही खरेच सांगणार आहोत.

आज तो पुन्हा ट्रॅक्टरवर आहे. गाठी विरल्या आहेत. तपासणीला काही वर्षे जावेच लागेल, म्हणून वहीत पुढच्या तारखा लाल शाईने लिहून ठेवल्या आहेत.

घरातल्या तरुण मुलांना हे पान वाचायला द्या. महिन्यातून एकदा, गरम पाण्याच्या आंघोळीनंतर, दोन्ही गोळ्या बोटांनी चाचपून पाहायला सांगा. गाठ, जडपणा, आकारात फरक वाटला तर त्याच आठवड्यात डॉक्टर. आणि एखादे पोर खाली मान घालून तुमच्याजवळ आले, तर मी म्हणालो ते म्हणू नका. "चाल, उद्याच जाऊ," एवढेच म्हणा.

जयभीम.