फासा टाकण्याआधी ‘टाइमप्लीज’



चंदीगडचा जानेवारी म्हणजे दाट धुकं, कडाक्याची थंडी, लांबलेली शाळेची सुट्टी आणि घरात कोंडलेली मुलं. अशाच एका सुट्टीत आमच्या जेवणाच्या टेबलावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आलं.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. यात एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो आणि बाकीचे गोष्टीतली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार. अवघड काम जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. हार-जीत नसते, सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची.

आमचा सूत्रधार म्हणजे वरच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा दादा. खेळायला त्याच्याच वर्गमित्राचा धाकटा भाऊ, माझी मुलगी आणि आठ वर्षांचा भाचा. गोष्ट घडत होती रॉक गार्डनमध्ये. रात्री बांगड्यांच्या काचांचे पुतळे जिवंत होतात आणि एक म्हातारा पहारेकरी मुलांना वाट दाखवतो. तिसऱ्या दिवशी दादानं त्या पहारेकऱ्याला थंडीत मारून टाकलं. गोष्टीत रंगत यावी म्हणून!

वर्गमित्राच्या भावानं फासा खाली ठेवला आणि काही न बोलता तो घरी गेला. दोन महिन्यांपूर्वीच त्याचे आजोबा गेले होते. दादाला ते माहीत नव्हतं. चूक कुणाचीच नव्हती, पण आधी कुणी विचारलंही नव्हतं.

दोन दिवस तो आला नाही. तेव्हा स्वेटर विणत बसलेली माझी आई म्हणाली, “एवढे नियम आहेत तुमच्या त्या पुस्तकात. ‘टाइमप्लीज’ नाही होय रे?”

खरंच की! लपाछपी असो की पकडापकडी, ‘टाइमप्लीज’ म्हटलं की राज्य असलेलाही थांबायचा. त्या संध्याकाळी आम्ही घरचे नियम लिहून फ्रिजवर लावले. तुम्हालाही उपयोगी पडतील.

१. आधी बैठक, मग खेळ. हे खेळ खेळणारे जगभरातले गट पहिल्या डावाआधी ‘सेशन झीरो’ घेतात. गोष्ट कशी हवी आणि त्यात काय नको, ते तेव्हाच ठरतं. सगळ्यांसमोर बोलायला संकोच वाटत असेल, तर चिठ्ठीवर लिहून सूत्रधाराला द्यायचं. कारण सांगायची सक्ती नाही.

२. टाइमप्लीज. कुणीही, केव्हाही म्हणावं. तो प्रसंग तिथेच सोडायचा आणि पुढे जायचं. “का रे, घाबरलास?” असं विचारायचं नाही. काही गटांत यासाठी टेबलावर फुलीचं कार्ड ठेवतात. त्याला नुसता हात लावला तरी पुरतो.

३. कच्चा लिंबू. भाच्याचं पात्र मरत नाही, फक्त बेशुद्ध पडतं. पण हे त्याच्यापासून लपवायचं नाही आणि पक्का कधी व्हायचं, ते त्यानंच ठरवायचं.

४. फासा सगळ्यांसमोर. टेबलाखाली पडला तर पुन्हा टाकायचा. खेळ चालू असताना सूत्रधाराचा निर्णय मान्य, वाद नंतर चहाबरोबर. रडीचा डाव चालणार नाही.

५. भाषा कुठलीही, पण सर्वांना कळेल अशी. आमची मुलं पंजाबी मित्रांसमोर मराठीत बेत आखायची. ते बंद!

६. जो आला नाही, त्याचं पात्र त्याच्या गैरहजेरीत मरणार नाही.

“पण पुस्तकातले नियम असे बदलले तर चालतात का?” मुलीनं विचारलं. मी तिला रॉक गार्डनचीच गोष्ट सांगितली. हे शहर आखीव सेक्टरांचं, काटेकोर नियमांचं. इथे रस्ते निरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी सरकारी जंगलाच्या जमिनीवर टाकाऊ वस्तूंतून लपूनछपून बाग उभारली. नियमानं ती पाडायला हवी होती. पण लोकांना ती आवडली, प्रशासनानंही ती राखली आणि १९७६ साली ती सर्वांसाठी उघडली. नियम माणसांसाठी असतात. सगळ्यांनी मिळून बदलले, तर ते आपले होतात.

तिसऱ्या दिवशी दादा स्वतः जाऊन त्या मुलाला घेऊन आला. त्यानं फ्रिजवरचा कागद शांतपणे वाचला, पेन्सिल मागितली आणि खाली हिंदीत सातवा नियम लिहिला : ‘दादाजी नहीं मरेंगे।’

दादानं मान डोलावली. रॉक गार्डनचा पहारेकरी डोळे चोळत उठून बसला आणि खेळ पुढे सुरू झाला.

तर मंडळी, आज रात्री पत्ते काढा, ल्युडो काढा नाहीतर ड्रॅगन. फक्त पहिला डाव पडण्याआधी पाच मिनिटं एकमेकांना विचारा : “यात तुला काय नकोय?”